इलेक्ट्रिक चायना

दिगंबर मास्तर दात कोरायला घोड्याचा केस वापरत. केस सारंगीसारख्या एका वाद्याच्या गजातला असे. शेंगाचटणीचा कण पुढच्या दातांत अडकला, की गजाचा एखादा केस बोटाला गुंडाळून ते हिसका देत. तुटून आलेला केस दोन्ही हातांत ताणून धरत आणि दातांच्या फटीत पुढे-मागे ओढत. काम झालं की तो जवळच्या वस्तूला पुसत. आमच्या कचेरीत ती वस्तू म्हणजे बहुधा माझ्या टेबलावरची मजकुराची थप्पी असे.

ज्या फटीत ते केस ओढत, तिथले पुढचे दोन दात चेन डॉक्टरांनी बसवलेले होते. ज्या गजातून केस उपटत, तो गजही चेन डॉक्टरांच्या वाद्याचा. मास्तरांविषयी एवढं सांगून थांबलं तरी चालण्यासारखं आहे. पण सोलापुरात त्यांचं नाव कौतुकाने काढणारी माणसं अजून भेटतात, आणि दर वेळी मला तो ओला केस आठवतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कचेरी माडीवर होती. खाली रस्त्याला लागून चेन डॉक्टरांचा दातांचा दवाखाना आणि त्याच्या मागे त्यांचं बिऱ्हाड. डॉक्टर, त्यांची बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी मेरी. समोरच्या चाळीत मास्तरांची खोली. दारावर पाटी होती, ‘मास्तर दिगंबर आणि पार्टी. लग्न, गणपती, बारसे.’ मास्तर मूळचे टेंभुर्णीकडचे. कुठल्याही शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणू लागले. पुढे दोन दात पडले आणि क्लॅरिनेट सुटलं, तरी मास्तर हे नाव राहिलं.

ते अंगात टेरिलीनचा सदरा घालत. केसांना खोबरेल इतकं, की कॉलरची पाठ कायम काळी दिसे. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची खोड होती, आणि हात काढला की सदऱ्यावर पाच बोटं उमटलेली असत. स्वतःविषयी ते तिसऱ्याच माणसाविषयी बोलावं तसं बोलत. ‘मास्तर आज तापात हाय.’ ‘मास्तरला हे पटलं न्हाय.’ कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते कचेरीत येत, खिडकीतून खाली थुंकत आणि म्हणत, ‘मास्तरनं काल लई गर्दी केली. छापा की.’ खिडकीच्या खाली दवाखान्याची पायरी होती. ती पायरी रोज सकाळी मेरी धुवायची.

मास्तरांचं आणखी एक वाक्य होतं, ते दिवसातून अनेकदा येई. ‘पब्लिकला काय पायजे?’ हा प्रश्न नसे. तो शेवटचा निकाल असे.

दात बसवून घ्यायला मास्तर चेन डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी ते वाद्य पहिल्यांदा पाहिलं. दवाखान्याच्या भिंतीवर टांगलेलं असे. खाली हाताच्या पंजात मावेल एवढा षटकोनी लाकडी डबा, त्याच्या तोंडावर अजगराचं कातडं ताणून बसवलेलं, वर सडपातळ लांब दांडी आणि दोन खुंट्या. तारा फक्त दोन. गज वेगळा ठेवता येत नाही. त्याचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात, म्हणून वाद्य आणि गज कायम एकत्र. चेन डॉक्टर त्याला अर्हू म्हणत. गल्ली चिनी सारंगी म्हणे. डॉक्टरांच्या वडिलांनी ते चीनहून बोटीतून आणलं होतं. वडिलांच्या तिथीला त्यांच्या फोटोसमोर बसून डॉक्टर त्यावर एकच धून वाजवत. मेरी आम्हाला सांगायची, ‘आमच्यात श्राद्ध असंच असतंय.’

एरवी त्या घराचा आवाज नसे. बासष्टच्या चीनच्या लढाईत कुणीतरी दवाखान्याची पाटी फोडली होती. त्यानंतर बरीच वर्षं डॉक्टरांना पोलिसात हजेरी लावावी लागे, गाव सोडायचं तर परवानगी घ्यावी लागे. नवी पाटी त्यांनी लावली ती नुसती दातांच्या चित्राची. नाव लिहिलंच नाही.

मास्तरांचा कान असामान्य होता, हे नोंदवलं पाहिजे. खुर्चीवर तोंड उघडं ठेवून बसलेल्या या माणसाने डॉक्टरांना एकदा तिथीच्या आदल्या दिवशी वाद्य लावून पाहताना ऐकलं आणि दाढेतला कापूस काढायच्या आत तीच धून गुणगुणून दाखवली. मग रोज दुपारी ते दवाखान्यात जाऊन बसू लागले. थोड्याच महिन्यांत त्यांचा हात बसला. एका दुपारी मी प्रूफं घेऊन जिना उतरत होतो. आत मास्तर वाजवत होते. डावी मांडी, तिच्यावर उभं वाद्य, डोळे मिटलेले. ती डॉक्टरांच्या वडिलांची धून होती. आवाज मोठा नव्हता. घसा बसलेलं माणूस हळू आवाजात काही सांगतं, तसा होता. डॉक्टरांची बायको पिठाच्या हातांनी पडद्याआडून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मी तिला त्याआधी दवाखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

वाजवणं संपलं. मास्तरांनी डोळे उघडले, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘हे कोण ऐकतंय? पब्लिकला काय पायजे?’ आणि त्याच तारांवर त्यांनी गाढव ओरडून दाखवलं. हुबेहूब. मग घोडं, मग बाळंतीण, मग सासरी जाणारी नवरी. कंपाउंडर पोट धरून हसला. डॉक्टरही हसले. बाई आत गेली.

त्या वर्षी गणपतीसाठी मास्तरांनी वाद्य मागितलं. डॉक्टर वाद्य सहजासहजी देणारे नव्हते. पण मास्तर म्हणाले, ‘डॉक्टर, तुमी पहिल्या रांगेत बसायचं. लोकांला कळू दे की तुमचं वाद्य काय चीज हाय.’ लढाईनंतर त्या माणसाला गावात कुणी पहिल्या रांगेत बोलावलं नव्हतं. त्यांनी वाद्य दिलं. अट एकच घातली, वडिलांच्या तिथीच्या आधी परत पाहिजे.

दहा दिवसांच्या गणपतीत वाद्याचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. मास्तर ते घेऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईकडे गेले. रशीदभाईने उलटसुलट करून पाहिलं. ‘मास्टर, छेद मारना पडता. पराया माल है, बाद में मेरेकू बोलना नक्को.’ मास्तर म्हणाले, ‘मार की. छेदानं काय हुतंय? बासरीला किती छेद असत्यात.’ रशीदभाईने डब्याच्या कडेला भोक पाडलं, जुन्या ग्रामोफोनचा आवाज पकडणारा पिकअप आत बसवून कातड्याला टेकवला आणि वायर अँप्लिफायरला जोडली. दोन कर्णे लिंबाच्या झाडावर चढवले. पहिल्यांदा गज फिरला तेव्हा पलीकडच्या गल्लीतली कुत्री ओरडायला लागली. मास्तरांना हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी बोर्डावर रंगवलेलं आलं, ‘सोलापुरात प्रथमच! इलेक्ट्रिक चायना!’

त्या कार्यक्रमाला मी बातमीदार म्हणून होतो. चेन डॉक्टर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट घालून. शेजारी मेरी. मास्तर माईकपुढे आले, वाद्य डोक्यावर धरून सगळ्या बाजूंना दाखवलं आणि म्हणाले, ‘मंडळी, माझा मेव्हणा मिल्ट्रीत हाय. सरहद्दीवर चिनी पळाला, पळताना हे टाकून गेला. मेव्हण्यानं ते उचलून आणलं. आता बघा चिनी कसा रडतोय.’

आणि त्यांनी वाजवलं. कर्ण्यांतून जो आवाज आला तो खरोखर माणसाच्या रडण्याचा होता. हुंदके, नाक ओढणं, मधेच धाप. मंडप उठून उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, ‘वन्स मोअर’. मास्तरांना मेव्हणाच नव्हता. ते चाळीत सगळ्यांना माहीत होतं आणि पुढच्या रांगांत निम्मी चाळ होती.

मेरी उठली. डॉक्टरांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. मग ते सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागले. दुसऱ्या दिवशी पायरी धुताना मेरी मला म्हणाली, ‘काका, बाबा टाळ्या वाजवले बघा. सगळ्यात शेवटपर्यंत तेच वाजवत होते.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादा आकडा बरोबर आहे का ते विचारावं, तसं ती म्हणाली.

सकाळी मास्तरांनी डॉक्टरांकडे पेढे पाठवले. मागोमाग स्वतः गेले. ‘मनावर घेऊ नका डॉक्टर. तुमी आमचेच हाव. पब्लिकला तसं लागतंय.’ डॉक्टर म्हणाले, ‘वाजवलं चांगलं.’ मग म्हणाले, ‘मास्तर, फक्त त्या दिवशी परत द्या.’

तिथी आली. वाद्य आलं नाही. मेरी समोरच्या चाळीत गेली. मास्तर खोलीबाहेर स्टुलावर बसून भाकरी खात होते, वाद्य भिंतीला टेकलेलं होतं.

‘मास्तर, आज आमच्या आजोबांचं श्राद्ध हाय. वाद्य द्या की. संध्याकाळी परत आणून देते.’

‘आज लगीन हाय पोरी. मोठी पार्टी हाय. तुझ्या आज्याला उद्या वाजवून दावू. मेलेला माणूस कुटं जातोय?’

‘तुमच्या बापाचा घास तुमी उद्या ठेवता का कावळ्याला?’

चाळीतले लोक हसले. मास्तरही हसले. तोंडातला घास दिसेल असे हसले. ‘बघा, बोलती कशी आपल्यासारखी!’ असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती तशीच परत आली. त्या दिवशी डॉक्टर रिकाम्या खुंटीखाली वडिलांच्या फोटोसमोर बसले होते. फोटोपुढे एक वाटी भात होता. दवाखाना बंद होता आणि कर्ण्यांवर लांबून नवरी रडताना ऐकू येत होती.

डॉक्टर भांडत का नव्हते, हे मला कचेरीतले नवे लोक विचारत. उत्तर सोपं होतं. भांडण पोलिसात गेलं असतं, आणि पोलिसांना दोषी म्हणून आधी कोण दिसलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. मास्तरांनाही ठाऊक होतं. ‘डॉक्टर देवमाणूस हाय,’ ते सगळीकडे सांगत. ‘एका शब्दानं बोलत न्हाय.’

पुढच्या श्रावणात नागपंचमी आली. आमच्याकडे त्या दिवशी जमीन खणत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही चिरत-कापत नाहीत. घरातली विळी आदल्या दिवशीच उचलून ठेवतात. एका मंडळाने संध्याकाळी मास्तरांच्या पार्टीचा कार्यक्रम ठेवला होता. बायका नागाची पूजा करून, फेर धरून तशाच कार्यक्रमाला आलेल्या. पुढे बसलेल्या एका म्हातारीचं लक्ष दिव्याच्या उजेडात डब्याच्या तोंडाकडे गेलं. तिने विचारलं, ‘आरं, हे खवलं कसलं हायत?’

कुणीतरी म्हणालं, ‘सापाचं कातडं हाय आजी.’

‘आजच्या दिवशी? नागोबाला सोलून वाजवायलास? मुडद्या!’

गलका झाला. मंडळाचा अध्यक्ष कार्यक्रम बंद करायला निघाला. मास्तरांनी दोन्ही हात वर केले. माझ्या आजवरच्या बातमीदारीत इतक्या झटकन विचार करणारा माणूस मी पाहिला नाही. ते म्हणाले, ‘आयाबायांनो, मास्तर अजाण हुता. आता नागोबाला मोकळं करतो. तुमच्यासमोर करतो.’ पिकअपची वायर त्यांनी उपटून बाजूला टाकली. पार्टीतल्या ढोलकीवाल्याने खिशातला चाकू काढला. मास्तर त्याच्यावर ओरडले, ‘आज कापायचं न्हाय! अक्कल हाय का?’

त्यांनी चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं. डब्याच्या तोंडावर ओतलं. कातडं मऊ झालं तसं नखांनी कडा उचकटल्या आणि ओढायला सुरुवात केली. ते सरळ निघेना. पट्ट्या होऊन निघालं. जुन्या सरसाचा वास स्टेजच्या खालपर्यंत आला. मास्तरांच्या नखांत तो पिवळा चिकटा भरला होता आणि माईक चालूच असल्याने प्रत्येक ओढीचा आवाज झाडावरच्या कर्ण्यांतून येत होता. ओल्या तुकड्यांवर हळदकुंकू वाहिलं गेलं. ताटलीत लाह्या, दूध आणि ते तुकडे घेऊन चार बायका वारुळाकडे गेल्या. मघाची म्हातारी मास्तरांच्या पाया पडली. तोवर मास्तरांनी तीच बोटं चाटून हार्मोनियमच्या साथीवर भजन सुरू केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्या तोंडावर बसवला. रशीदभाईने पिकअप पत्र्याला जोडला. आता वाद्याला स्वतःचा आवाज उरला नव्हता. वायर काढली तर नुसतं खरखरे. वायर लावली की गाढव, घोडं, बाळंतीण, नवरी, चिनी, सगळं पूर्वीपेक्षा मोठ्याने.

डॉक्टरांना मास्तरांनी स्वतःच सांगितलं. मी दवाखान्यात दाढ दाखवायला बसलो होतो. मास्तर दारातून म्हणाले, ‘डॉक्टर, कातडं काढावं लागलं. पण कापलं न्हाय बरं का. सोललं. चाकू लावू दिला न्हाय मास्तरनं.’

हे त्यांनी समजूत काढायला सांगितलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. नेम पाळला, हे डॉक्टरांना कळावं आणि बरं वाटावं अशी त्यांची मनापासून इच्छा होती. डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. बराच वेळ हात धुतले. माझी दाढ त्यांनी त्या दिवशी पाहिली नाही.

नंतर डॉक्टरांच्या कॅनडातल्या भावाकडून बोलावणं आलं. परवानग्या मिळाल्या. दवाखान्यातली खुर्ची विकली गेली. दातांची पाटी उतरली. डॉक्टरांनी मास्तरांना एकच निरोप पाठवला, वाद्य जसं असेल तसं द्या. मास्तरांनी उलट निरोप पाठवला, ‘स्टेशनवर देतो. वाजतगाजत देतो.’ मग कचेरीत येऊन मला म्हणाले, ‘फोटोग्राफर पाठवा की. मोठी बातमी हाय. मास्तरकडून चिनी डॉक्टरला वाद्य भेट.’

‘भेट?’ मी म्हणालो. ‘वाद्य त्यांचंच आहे.’

‘व्हय. पण देतंय कोण?’

मुंबईची गाडी सकाळची होती. मास्तर आख्खी पार्टी घेऊन आले. हार, नारळ, शाल. फलाटावर गर्दी झाली. मास्तरांनी डॉक्टरांच्या गळ्यात हार घातला, कॅमेऱ्याकडे पाहत वाद्य त्यांच्या हातांत ठेवलं आणि ते पटकन सोडेनात. फोटो होईपर्यंत दोघांनी ते धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी मास्तरांना नमस्कार केला.

डॉक्टर, बायको आणि मेरी गाडीत बसली. डॉक्टर खिडकीशी होते. त्यांनी रुमालाने दांडी पुसली. खुंट्या पिळल्या. डब्याच्या कडेच्या भोकातून बोट आत घालून पाहिलं. आत काही नव्हतं.

मेरी खिडकीतून म्हणाली, ‘पिकअप कुटं हाय?’

‘त्यो मास्तरचा,’ मास्तर म्हणाले. ‘नव्या वाद्याला लागंल.’

डॉक्टरांनी वाद्य मांडीवर उभं धरलं आणि गज ओढला. पत्रा खरखरला. त्यांनी पुन्हा ओढला.

‘आवाज येणार न्हाय डॉक्टर,’ मास्तर समजावून सांगत म्हणाले. ‘करंट लागतो त्याला.’

डॉक्टर थांबले नाहीत. त्यांची बोटं तारांवर फिरत राहिली. वर, खाली, एका जागी थरथरून पुन्हा खाली. कानाला फक्त खरखर येत होती. कुठली धून चालली आहे, हे फलाटावर कुणाला कळण्यासारखं नव्हतं. एका माणसाला कळलं. मास्तर खिडकीजवळ गेले, डॉक्टरांच्या बोटांकडे पाहत राहिले आणि गुणगुणू लागले. प्रत्येक सूर जिथे बोट पडे तिथेच. वडिलांची ती धून मी त्या दुपारी जिन्यावर ऐकली होती तशीच, त्या माणसाच्या घशातून. डॉक्टरांनी डोळे मिटले. त्यांची बायको पदर तोंडाला लावून मास्तरांकडे बघत होती. धून जवळजवळ पुरी होत आली.

मास्तरांनी मान वळवली. मागे हमाल, चहावाले, डब्यांतून उतरलेले प्रवासी, पार्टीची पोरं, सगळे ऐकत उभे होते. मास्तरांनी त्या सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ती नजर मला ओळखीची होती. मग त्यांनी मान वर केली आणि ते गाढवासारखे ओरडले.

फलाट हसत सुटला. गार्डची शिट्टी त्या हसण्यात ऐकू आली नाही. गाडी हलली. डॉक्टरांचा गज चालूच होता. मेरीने पुढे होऊन खिडकीची फळी खाली ओढली.

शेवटचा डबा गेला तेव्हा मास्तर तिथेच होते, खांद्यावर उरलेला एक हार टाकून. वाद्य देताना गजाचा एक केस त्यांनी काढून ठेवला असावा. तो त्यांच्या बोटांना गुंडाळलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत ताणला, डॉक्टरांनी बसवलेल्या दातांत घातला आणि सावकाश पुढे-मागे ओढू लागले. केस तोंडात असतानाच माझ्याकडे वळले.

‘फोटो कुठल्या पानावर येतोय?’ त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट पाहत केस माझ्या बाहीला पुसला.